नाव बॉटचे, हात भामट्याचा

‘प्रिय ग्राहक, आपल्या केवायसीची मुदत आज संपत आहे. खाते चालू ठेवण्यासाठी १ दाबा.’ बँकेचे बोधचिन्ह लावलेल्या खात्यावरून असा मेसेज आला की माणूस निमूटपणे १ दाबतो. हेच एखाद्या अनोळखी आवाजाने फोनवर विचारले असते, तर ‘आपण कोण? कुठून बोलता?’ अशी उलटतपासणी झाली असती. बॉटची उलटतपासणी कोणी घेत नाही. तो ठरावीक साच्यात बोलतो, चिडत नाही, उत्तर चुकले तर तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मेट्रोचे तिकीट, गॅसची नोंदणी, विम्याची पावती, डिजिलॉकरमधली कागदपत्रे, हे सगळे आता चॅटवर बॉटशी बोलून मिळते. त्यामुळे तो विचारेल ते सांगून मोकळे व्हायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. भामट्यांनी नेमकी ही सवय हेरली. पूर्वी ते बँकेच्या साहेबाचा आवाज काढत; आता बॉटचा साचा उचलतात.

यावरचा उपाय दोन भागांत सांगता येतो. पहिला भाग पत्त्याचा: सेवेचे नाव आणि चित्र कोणालाही लावता येते, म्हणून आलेल्या मेसेजला उत्तर न देता, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या पत्त्यावर आपण होऊन जायचे. दुसरा भाग मागणीचा: पत्ता खरा असला तरी ओटीपी, पिन किंवा लॉगिन कोड मागणारी सेवा त्या क्षणी विश्वासाची उरत नाही, कारण खरी खातीही चोरीला जातात.

दुखणे जुनेच आहे

ही लबाडी व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची आहे. फिनलंडमधील ओउलु विद्यापीठातील यार्क्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी ही गप्पांची यंत्रणा सुरू केली. तिथे जो जे टोपणनाव आधी घेईल ते त्याचे. आपले नाव दुसऱ्याने बळकावू नये म्हणून पुढे अनेक नेटवर्कांनी ‘निकसर्व्ह’ नावाची स्वयंचलित सेवा ठेवली. तुम्ही आलात की तिला पासवर्ड पाठवायचा, म्हणजे नाव तुमचेच असल्याची नोंद होते.

मेख अशी की निकसर्व्ह हेही शेवटी एक टोपणनावच होते. सर्व्हरांमधला दुवा तुटला की ही सेवा काही काळ गायब व्हायची. तेवढ्यात कोणी ‘निकसर्व्ह’ नाव घेऊन बसला, की लोक सवयीने त्याच्याकडे आपापले पासवर्ड पाठवत. काहींना तेवढीही वाट पाहावी लागत नसे. एखादे अक्षर बदललेले नाव घेऊन ते स्वतःच लोकांना निरोप धाडत: ‘तुमची नोंदणी संपली, पासवर्ड पुन्हा द्या.’

यावर निघालेले तोडगे आजही शिकण्यासारखे आहेत. नेटवर्कांनी अशी नावे राखीव केली; सामान्य माणसाला ती घेताच येईनात. डॅलनेट या नेटवर्कने आपल्या सदस्यांना शिकवले की नुसत्या निकसर्व्हला पासवर्ड पाठवू नका, नावापुढे सेवेच्या सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहा. अंडरनेटवर ‘एक्स’ या सेवेकडे लॉगिन करतानाही पूर्ण पत्ताच लिहावा लागतो. पत्ता लिहिला की निरोप एकतर खऱ्या सेवेकडे जातो, नाहीतर कुठेच जात नाही. पुढे ‘एसएएसएल’ पद्धत आली. तिच्यात जोडणी होतानाच ओळख पटते आणि गप्पांच्या खिडकीत पासवर्ड टाइप करण्याची वेळच येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांमुळे आजही लिबेरा चॅटसारख्या नेटवर्कवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या ॲपमध्ये एसएएसएल चालू करून ठेवावे. पासवर्ड मागणारे निकसर्व्ह आलेच, तर ‘हूइज’ आज्ञा देऊन त्याचा सर्व्हर पाहावा.

पत्ता कुठे पाहायचा

प्रत्येक ॲपमध्ये ‘नाव’ आणि ‘पत्ता’ वेगवेगळ्या जागी असतात. ती जागा एकदा कळली की अर्धे काम झाले.

टेलिग्रामवर मोठ्या अक्षरांत दिसते ते नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. खरा पत्ता म्हणजे प्रोफाइल उघडल्यावर ‘ॲट’ चिन्हापुढे दिसणारे युजरनेम. मोजके अपवाद सोडले, तर बॉटचे युजरनेम इंग्रजी ‘बॉट’ या अक्षरांनीच संपते. टेलिग्रामचा आणखी एक नियम आपल्या फार उपयोगाचा आहे: बॉट आपण होऊन अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करू शकत नाही. तुम्ही ‘स्टार्ट’ दाबलेले असावे लागते, किंवा तो ज्या गटाचे दार सांभाळतो तिथे प्रवेशाची विनंती केलेली असावी लागते. तेव्हा ध्यानीमनी नसताना ‘मी अमुक बँकेचा बॉट’ म्हणत कोणी टेलिग्रामवर आला, तर तो बहुधा बॉटच नाही. माणसाचे साधे खाते आहे. युजरनेम वाचताना एकेक अक्षर पाहा. इंग्रजी लहान ‘एल’ आणि मोठा ‘आय’, तसेच शून्य आणि ‘ओ’ हे पडद्यावर जुळे भाऊ वाटतात. नावापुढे निळी खूण आहे म्हणूनही लगेच विश्वास ठेवू नका. नावात इमोजी घालता येतो आणि प्रीमियम सदस्यांना नावाशेजारी मनपसंत चिन्ह लावता येते. खूण दाबून ती कसली आहे ते पाहा.

व्हॉट्सॲपवर पत्ता म्हणजे फोन क्रमांक. क्रमांक तुमच्याकडे साठवलेला नसेल तर समोरच्याने स्वतः ठेवलेले नाव नागमोडी रेघेच्या खुणेसह दिसते. ती रेघ दिसली की समजावे, हे नाव त्याचे त्याने ठेवले आहे. मोठ्या संस्थांच्या खात्यांना निळी खूण असते आणि ती नावाशेजारी असते. प्रोफाइलच्या फोटोतच खूण रंगवलेली असेल तर तो बनाव आहे. मात्र टेलिग्रामचा ‘बॉट आधी बोलत नाही’ हा नियम इथे लावू नका; व्हॉट्सॲपवर व्यावसायिक खाती आपण होऊन मेसेज पाठवू शकतात. बँकेचा व्हॉट्सॲप क्रमांक या लेखात मुद्दाम दिलेला नाही. तो कोणत्याही लेखातून किंवा गूगलच्या शोधातून घेऊच नये. पासबुक, कार्डाची मागची बाजू, शाखेतला फलक आणि बँकेचे स्वतःचे संकेतस्थळ, एवढ्याच जागा खऱ्या. संकेतस्थळाचा पत्ता ताडण्यासाठी एक सोय झाली आहे: रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितले होते.

डिस्कॉर्डवर बॉटच्या नावापुढे ‘ॲप’ असा शिक्का दिसतो, पण तो फक्त ‘हे माणसाचे खाते नव्हे’ एवढेच सांगतो. वेबहुक नावाच्या सोयीतून आलेल्या मेसेजला कोणतेही नाव आणि चित्र देता येते, आणि त्यालाही हाच शिक्का असतो. तिथली नेहमीची फसवणूक म्हणजे ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी हा क्यूआर कोड डिस्कॉर्ड ॲपने स्कॅन करा.’ तो कोड लॉगिनचा असतो. स्कॅन करून होकार दिलात की तुमचे खाते दुसऱ्याच्या संगणकावर उघडते.

एसएमएसमध्ये पत्ता म्हणजे हेडर, पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारी अक्षरे. बँका आणि सरकारी कंपन्यांचे मेसेज अक्षरी हेडरवरून येतात आणि २०२५ पासून त्यांच्या शेवटी जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी मेसेजसाठी ‘जी’ अशी खूण असते. ‘बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा मेसेज महाराष्ट्रात घरोघरी येऊन गेला. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल अशा हेडरवरून येतात. फसवणुकीचे मात्र दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत होते. एवढा एक फरक पाहिला असता तरी अनेकांचे पैसे वाचले असते.

सोंग कुठे उघडे पडते

पत्ता कळेनासा झाला तर मागणीकडे बघा. खऱ्या स्वयंचलित सेवेला तुमच्याकडून फार थोडे हवे असते: ग्राहक क्रमांक, तारीख, एखादा पर्याय. पुढच्या गोष्टी ती चॅटमध्ये मागत नाही.

• लॉगिनचा कोड. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड किंवा टेलिग्रामचा कोड फक्त त्या ॲपच्या लॉगिनच्या पडद्यावर टाकायचा असतो. भामटे चॅटमध्येच आकड्यांची बटणे मांडतात आणि ‘येथे कोड दाबा’ म्हणतात. प्रत्येक बटणाबरोबर एकेक आकडा त्यांच्याकडे जात असतो.

• यूपीआय पिन. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ‘परतावा मिळवण्यासाठी पिन टाका’ हे वाक्यच खोटे आहे.

• एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल. ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’, लग्नाची पत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर या फाइली फिरतात. टाकल्या की एसएमएस वाचण्याची परवानगी घेतात आणि मग ओटीपी तुम्ही न सांगताच पलीकडे जातो. खरे ई-चलन वाहतूक खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते.

• स्क्रीन दाखवण्याची विनंती. ‘मदतीसाठी स्क्रीन शेअर करा’ म्हणणारा तुमच्या पडद्यावर येणारा प्रत्येक ओटीपी वाचत असतो.

• बॉटकडून माणसाकडे पाठवणी. चार प्रश्न बॉटने विचारायचे आणि पाचव्याला ‘आमचे अधिकारी आपल्याशी बोलतील’ म्हणत दुसऱ्या क्रमांकावर ढकलायचे. खऱ्या सेवाही माणसाला जोडून देतात, पण त्याच चॅटमध्ये. खिडकी बदलायला लावली की उठावे.

या सगळ्यांना बांधणारा धागा घाईचा असतो: आज रात्री, दहा मिनिटांत, शेवटची संधी. कोणतीही बँक किंवा वीज कंपनी मुदत देताना पंधरा मिनिटे मोजत नाही.

संशय आला तर

आधी उत्तर देणे थांबवा. ‘तू खोटा आहेस’ असे लिहिण्याचीही गरज नाही. उत्तर दिले की भामट्याला एवढेच कळते की हा क्रमांक वापरात आहे. मेसेजमधला दुवा, क्रमांक किंवा बटण यांपैकी कशालाही हात न लावता ती खिडकी सोडा. आता संस्थेचे ॲप स्वतः उघडा किंवा कार्डामागचा क्रमांक स्वतः टाइप करा आणि तिथे विचारा: माझ्या खात्यावर असे काही प्रलंबित आहे का? नसेल, तर प्रश्न मिटला. असेल, तर तेही काम तिथेच पूर्ण करा. आलेल्या मेसेजकडे परत जाऊ नका.

मग तक्रार. आधी मेसेज, युजरनेम किंवा क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. टेलिग्रामवर समोरचा माणूस संपूर्ण संभाषण दोन्ही बाजूंनी पुसू शकतो, म्हणून हे काम ब्लॉक करण्याच्या आधी करायचे. त्यानंतर ॲपमध्येच ‘रिपोर्ट’ करा आणि ब्लॉक करा. पैसे गेलेले नसले तरी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत संशयित कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप मेसेजची नोंद करता येते. तुम्ही वाचलात, पण त्याच क्रमांकावरून शेजाऱ्यालाही मेसेज गेला असणार.

गट किंवा सेवा तुम्ही चालवत असाल तर

सोसायटी, पतसंस्था, शिकवणी वर्ग, नाट्यगृहाची तिकिटे, घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, असे अनेकजण आता बॉट किंवा आपोआप उत्तरे वापरतात. त्यांचे सोंग घेतले गेले तर पहिला बोल त्यांनाच लागतो. म्हणून थोडी तयारी आधीच हवी.

तुमच्या बॉटचा पूर्ण पत्ता पावतीवर, दारावरच्या फलकावर आणि गटात पिन केलेल्या मेसेजमध्ये एकसारखा लिहा. त्याखाली ठळकपणे सांगा की आमचा बॉट काय करतो आणि काय कधीच मागत नाही. ‘आमचा बॉट खासगीत पैसे मागत नाही’ हे एक वाक्य दहा सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ते सभासदाला लगेच ताडून पाहता येते.

टेलिग्रामच्या गटात ॲडमिनचे नाव आणि फोटो उचलून सभासदांना खासगीत गाठणे हा नेहमीचा प्रकार आहे. गटात ‘ॲडमिन’ ही खूण दिसते, खासगी चॅटमध्ये ती नसते. त्यामुळे ‘पैशाचे बोलणे गटातच होईल’ असा नियम करून टाका. डिस्कॉर्डवर वेबहुक हाताळण्याची परवानगी मोजक्या लोकांकडे ठेवा आणि जुने वेबहुक अधूनमधून तपासून काढून टाका. टेलिग्रामचा बॉट असेल तर ‘बॉटफादर’कडून मिळालेले टोकन म्हणजे त्या बॉटची किल्ली. ते चुकून उघड झाले तर बॉटफादरकडे जाऊन लगेच रद्द करा आणि नवे घ्या. नाहीतर भामट्याला सोंगही घ्यावे लागणार नाही; तो तुमच्या खऱ्या बॉटमधूनच बोलेल.

एक गोष्ट संस्थांनी मनावर घ्यायला हवी. वसुलीचा माणूस स्वतःच्या खासगी क्रमांकावरून दुवा पाठवतो, शाखेतला कर्मचारी व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो मागतो, शाळा दर वर्षी नव्या क्रमांकावरून फी मागते. अशाने ग्राहकाला पत्ता न पाहण्याची सवय लागते. लोकांना सावध राहा सांगायचे असेल, तर आपला पत्ता सतत बदलू नये.

चूक झालीच तर

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि दुसरा बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जाण्याच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून लाज, विचारविनिमय, नातेवाइकांना फोन हे सगळे नंतर. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर करता येते. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळाले तर झिरो एफआयआरची मागणी करा. संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेला तातडीने कळवण्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी सांगण्यासारखी चूक ग्राहकाने केली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. जिथे चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिथे बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. वाद झालाच तर तोच पुरावा.

पैसे न जाता खातेच गेले असेल तर क्रम वेगळा. टेलिग्रामच्या सेटिंगमधील ‘डिव्हायसेस’मध्ये जाऊन इतर सर्व सत्रे बंद करा. नव्याने शिरलेल्याला तुमचे जुने सत्र लगेच बंद करता येत नाही. तेवढी सवलत तुमच्या हातात आहे. व्हॉट्सॲप हातून गेले असेल तर आपल्या क्रमांकाने पुन्हा नोंदणी करा, म्हणजे पलीकडचा बाहेर फेकला जातो. त्याने दोन टप्प्यांचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावे लागेल, पण तोही आत राहणार नाही. लॉगिन करता येत असेल तर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधली अनोळखी यंत्रे काढून टाका. एपीके टाकली गेली असेल तर फोन विमान मोडवर ठेवा, बँकेची कामे दुसऱ्या फोनवरून करा आणि तो फोन पूर्ण पुसून घेतल्याशिवाय त्यावर बँकेचे ॲप उघडू नका. शेवटी आपल्या ओळखीच्यांना एसएमएस किंवा फोन करून सांगा, कारण तुमच्या नावाने पैसे मागण्याचा पुढचा फेरा लगेच सुरू होतो.

आज करायची कामे

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम दोन्हींवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आणि ‘डिव्हायसेस’ या याद्या उघडून आपली नसलेली यंत्रे काढा. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणची ॲप टाकण्याची परवानगी कुणाला दिली आहे ते पाहा आणि ती बंद करा. बँक, गॅस, वीज आणि विमा यांचे खरे क्रमांक पासबुक आणि बिलावरून घेऊन आपण ठरवलेल्या नावाने फोनमध्ये साठवा, म्हणजे उद्या खरा मेसेज आला की तुम्ही ठेवलेले नाव दिसेल आणि खोटा आला की ते दिसणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हीच कामे त्यांच्या शेजारी बसून करा आणि त्यांना एकच गोष्ट पाठ करायला सांगा: मेसेजने आपल्याला बोलावले तर जायचे नाही, काम असेल तेव्हा आपण आपल्या क्रमांकावर जाऊ.